आजोबाचं प्रकरण: सोडला माळशेजला, पोचला मुंबईला

२००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वन विभागानं त्याला बाहेर काढलं, तपासलं, गळ्यात जीपीएस कॉलर बांधली, कातडीखाली मायक्रोचिप घातली आणि माळशेज घाटात नेऊन सोडलं. कॉलरचा भाग वगळला तर असं आपल्याकडे दरवर्षी कुठे ना कुठे होतंच. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते, ‘बिबट्याला जीवदान, नैसर्गिक अधिवासात मुक्त’. मग त्या जनावराचं काय झालं हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी सांगणार कोण?

या बिबट्याच्या बाबतीत सांगता येतं. वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांचे नॉर्वेतले सहकारी तेव्हा वन विभागाबरोबर बिबट्यांना कॉलर लावण्याचं काम करत होते. हा नर पूर्ण वाढलेला आणि स्वभावानं शांत, म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. पुढे तो इतका गाजला की त्याच्यावर मराठी सिनेमा निघाला. पण गाजला तो त्याच्या चालण्यामुळे. मला त्या चालण्याइतकंच त्याच्या आधीच्या एका निर्णयात रस आहे: बरा असलेला, धडधाकट बिबट्या पिंजऱ्यात आहे, गाडी तयार आहे, आता गाडी कुठे न्यायची?

विहिरीतून वर

पुणे-नगरच्या पट्ट्यात बिबट्या विहिरीत पडणं ही नवलाई राहिलेली नाही. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी कालव्यांनी फिरलं, ऊस वाढला, उसात बिबट्याला लपायला बारमाही आडोसा मिळाला आणि वाड्यावस्त्यांवर कुत्री, शेळ्या, डुकरं, कोंबड्या आयत्या मिळाल्या. विहिरी मात्र जुन्याच, जमिनीच्या बरोबरीनं उघड्या, कठडा नाही, काठावर गवत माजलेलं. रात्री कुत्र्यामागे धावणाऱ्या जनावराला ती पायाखाली येईपर्यंत कळत नाही.

सकाळी मोटार चालू करायला गेलेल्या माणसाला ते दिसतं. बिबट्या कुठल्या तरी कपारीवर अंग चोरून बसलेला असतो, नाहीतर मोटारीच्या पाइपाला पुढच्या पायांनी धरून पाण्यात लोंबकळत असतो. पोहायला तो पक्का असतो, पण तासन्‌तास पोहून दमतो, गारठतो आणि मग बुडतो. त्यामुळे पहिलं काम असतं त्याला टेकायला काहीतरी देणं. चार कोपऱ्यांना दोर बांधलेलं बाजलं खाली सोडतात. बहुतेक वेळा बिबट्या स्वतःच त्यावर चढून बसतो. मग पिंजरा उतरवायचा, दार बिबट्याकडे करायचं आणि वाट बघायची. काही ठिकाणी शिडी लावून रात्री सगळ्यांना दूर नेतात आणि बिबट्या आपला आपण वर येऊन निघून जातो. ही पद्धत सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. पण ती जमायला काठावरची माणसं हटावी लागतात, आणि तीच हटत नाहीत.

विहिरीवरची खरी झुंज गर्दीशी असते. तासाभरात पंचक्रोशी जमते. पोरं झाडावर, बायका उसाच्या बांधावर, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. कुणीतरी खडा मारतो, कुणीतरी शिट्टी वाजवतो. वर मान करून बघणाऱ्या बिबट्याला गोल आभाळाच्या कडेनं माणसांची डोकीच डोकी दिसत असणार. याच ताणात तो पिंजऱ्यात शिरतो आणि शिरल्यावर गजांवर धडका देतो. कपाळ फुटतं, नखं उखडतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुळे तुटतात. विहिरीत पडून जेवढी इजा होत नाही तेवढी कधी कधी पिंजऱ्यात होते. म्हणून पिंजऱ्यावर लगेच ताडपत्री किंवा गोणपाट टाकतात. अंधार झाला की जनावर निवतं. कुठल्याही औषधाआधीचा हा उपचार आहे, आणि तो करायला डॉक्टर लागत नाही.

टेबलावर काय बघतात

बेशुद्ध केलेल्या बिबट्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलेलं असतं, कारण भूल दिल्यावरही त्याचे डोळे उघडे राहतात. श्वास आणि तापमान सतत बघत राहावं लागतं. उन्हाळ्यात तापमान चढतं आणि त्यात जनावर जाऊ शकतं, म्हणून बर्फ, ओली फडकी जवळ ठेवतात. वजन, रक्त, अंगावरच्या जखमा, पायांची हाडं हे सगळं बघून होतं. तरी निर्णय फिरतो तो तोंड उघडल्यावर. चारही सुळे शाबूत असतील तर हा प्राणी शिकार करू शकतो. दातांची झीज आणि पिवळेपणा बघून वयाचा अंदाज बांधतात. दोन सुळे मुळापासून गेलेला बिबट्या जगतोही, पण त्याला सोडायचं की नाही यावर वाद होतो, आणि व्हायलाच हवा.

आजोबा या परीक्षेत पास झालेला, पूर्ण वाढलेला नर होता. अशा जनावराला ‘पुनर्वसन’ लागत नाही हे आधी मान्य केलं पाहिजे. त्याला शिकार येते, रस्ता ओलांडणं येतं, माणसाला टाळणं येतं. पिंजऱ्यातला प्रत्येक जादा दिवस त्याच्यातून काहीतरी काढूनच घेतो. मोडलेल्या पायाला सहा आठवडे लागत असतील तर ते द्यावेच लागतात. पण विहिरीतून निघालेला धडधाकट बिबट्या ‘निरीक्षणाखाली’ म्हणून आठवडाभर ठेवला जातो, तेव्हा निरीक्षण बहुतेक पाहुण्यांचंच चालू असतं.

तर वैद्यकीय बाजू इथे संपली. पुढचा प्रश्न नकाशाचा होता.

त्याआधी जुन्नरमध्ये काय झालं होतं

टाकळी ढोकेश्वर आणि माळशेज एकाच रस्त्यावर आहेत. नगरहून कल्याणला जाणारा हा रस्ता टाकळीवरून आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरतो. आजोबाला हलवलं ते अंतर ५२ किलोमीटर. उसातून उचललं, सह्याद्रीच्या जंगलात ठेवलं. कुणालाही विचारा, याहून शहाणपणाचं काय असेल? शेतात माणसं, घाटात झाडी. बिबट्या झाडीतला प्राणी. गावकरी खूश, बिबट्याही खूश असं धरून चालायचं.

पण याच पट्ट्यात या शहाणपणाची एक मोठी परीक्षा आधीच होऊन गेली होती. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात बिबट्यांच्या हल्ल्यांवरून लोक चिडले, पिंजरे लागले आणि सापडतील तेवढे बिबटे उचलून दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा सुरू झाला. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर त्याचा हिशेब मांडला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटरवर नेऊन सोडले होते. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाण दुप्पट होऊन ३६ टक्क्यांवर पोचलं.

या आकड्यांवर हुज्जत घालता येते. त्याच काळात ऊसही वाढत होता, बिबटेही वाढले असतील, नोंदीही नीट होऊ लागल्या असतील. ते सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते: जे हल्ले कमी व्हावेत म्हणून एवढा खटाटोप केला ते कमी झाले नाहीत. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. नर बिबट्या आपला इलाखा मूत्रानं, नखांच्या ओरखड्यांनी राखून असतो. तो उचलला की जागा मोकळी होते आणि आसपासचे तरुण बिबटे तिच्यासाठी भांडत आत येतात. गावाची सवय नसलेली, अजून मुरलेली नसलेली जनावरं येतात. तिकडे सोडलेल्या जंगलात आधीचा मालक बसलेलाच असतो. नव्याला तिथली पाणवठ्याची, भक्ष्याची, माणसांच्या वेळांची काही माहिती नसते. पिंजऱ्याचा, गर्दीचा, ट्रकमधल्या प्रवासाचा ताण असतो तो वेगळाच. तो चालायला लागतो. आणि सह्याद्रीत कुठूनही कुठेही चालायला लागलं तरी वाटेत गाव येतंच.

हे सगळं तोपर्यंत अंदाजाच्या पातळीवर होतं. सोडलेला बिबट्या चालतो म्हणजे किती, कुठे, कसा, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. आजोबाच्या गळ्यातल्या कॉलरनं ते दाखवलं.

सदतीस दिवस

माळशेजला सोडल्यावर आजोबा तिथे रमला नाही. तो टाकळीकडेही परत फिरला नाही. टाकळी घाटाच्या पूर्वेला, आणि हा निघाला पश्चिमेकडे, कोकणात. कसाऱ्याच्या बाजूनं रेल्वेमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग पार करत, वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्याला वळसा घालत, शेवटी वसईची खाडी पोहून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचला. सरळ रेषेत मोजलं तर हे ८९ किलोमीटर, ३७ दिवसांत. प्रत्यक्ष पायाखालची वाट याहून बरीच लांब. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा आकडा सांगितला जातो. शेवटी त्यानं सुमारे ४२ चौरस किलोमीटरचा इलाखा धरला.

या वाटेवर त्यानं एकाही माणसाला इजा केल्याची नोंद नाही. ज्या गावांच्या कडेनं तो गेला त्यांतल्या बहुतेकांना बिबट्या येऊन गेल्याचा पत्ताही नसेल. रात्री चालायचं, दिवसा कुठेतरी दडी मारायची, हा त्याचा शिरस्ता. कॉलर लावलेल्या इतर बिबट्यांचंही तेच दिसलं: रात्री ताशी सरासरी ३३९ मीटर हालचाल, दिवसा ६० मीटर.

तो तिकडेच का गेला, यावर बरेच तर्क झाले. मुळात तो मुंबईच्या बाजूचाच असेल आणि कधीतरी उचलून इकडे सोडलेला असेल, हा त्यातला सगळ्यात रंजक. मला तो मोहात पाडतो, पण कॉलर जागा सांगते, हेतू सांगत नाही. ‘घरी निघालेला आजोबा’ ही गोष्ट आपण त्याच्या गळ्यात बांधली आहे.

गाजलेली गोष्ट आणि न गाजलेली

आजोबाबरोबर आणखी चार बिबट्यांना कॉलर लावलेल्या होत्या, त्यांतला एक हिमाचल प्रदेशात. या पाचही जणांचा अभ्यास २०१४ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाला, आणि माझ्या मते खरं प्रकरण तिथे आहे. आजोबासारखीच एक प्रौढ मादीही ५२ किलोमीटरवर नेऊन सोडली होती. तीही थांबली नाही. ५ महिन्यांत सरळ रेषेत ४५ किलोमीटर सरकली आणि ६५ चौरस किलोमीटरवर पसरली. उरलेले तिघं, दोन माद्या आणि एक तरुण नर, पकडले त्याच्या जवळपासच सोडले होते. त्यांचं काय झालं? काहीच नाही. ते राहिले. नराचा इलाखा ८ चौरस किलोमीटर, माद्यांचे ११ आणि १५.

या ‘काहीच नाही’वर सिनेमा निघत नाही. पण पिंजऱ्यातल्या बिबट्याचं काय करायचं हे ठरवणाऱ्या वनक्षेत्रपालाला कामाची गोष्ट तीच आहे. एकीकडे दोन जनावरं, ज्यांनी आठवडे, महिने अनोळखी मुलखातून वाट काढली. दुसरीकडे तीन, जी आपल्या ओळखीच्या बांधावर परत रुळली. नमुना पाचच जनावरांचा आहे, त्यावर कायदा बांधता येत नाही. पण जुन्नरचा हिशेब शेजारी ठेवला की दोन्ही एकच दिशा दाखवतात.

आजोबाची गोष्ट बहुतेक ठिकाणी त्याच्या पराक्रमाची म्हणून सांगितली जाते. बिबट्या किती चिवट, खाडी पोहला, महामार्ग पार केला! खरं आहे. पण तो पराक्रम करायची वेळ त्याच्यावर आणली कुणी? ज्या अनुभवी नरानं हे निभावलं त्याच्या जागी दीड-दोन वर्षांचं, आईपासून नुकतं सुटलेलं पिल्लू असतं तर? किंवा एखादी व्यालेली मादी, जिची पिल्लं मागे उसातच राहिली आहेत? उसातून मादी उचलताना हा प्रश्न दर वेळी असतो, आणि तिची आचळं तपासणं हे काम दात तपासण्याइतकंच मोलाचं आहे. दूध उतरलेलं दिसलं तर ती रात्रीच्या आत परत गेली पाहिजे, विषय संपला.

गावाला काय सांगायचं

‘जवळच सोडा’ हे लिहायला सोपं आहे. टाकळीच्या किंवा जुन्नरच्या चावडीवर उभं राहून म्हणायला छाती लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की विहिरीत पडलेला किंवा चुकून वस्तीत सापडलेला निरुपद्रवी बिबट्या पकडला त्याच्या आसपासच सोडावा. पण सरपंच विचारतो, ‘साहेब, आता हाती लागलाय, परत आमच्याच उरावर कशाला?’ याला उत्तर म्हणून कायद्याचं कलम वाचून दाखवणारा अधिकारी पुढच्या वेळी विहिरीवर मार खातो.

उत्तर द्यायचं तर त्याच कॉलरमधून द्यावं लागतं, आणि ते ऐकायला गोड नाही. दाट वस्तीतल्या कॉलर लावलेल्या बिबट्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के घरांपासून २५ मीटरच्या आत होत्या. म्हणजे अंगणात. दिवसा हेच प्रमाण एक टक्क्याच्याही खाली. अकोले तालुक्यात कॅमेरे लावून झालेल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले, तेही जिथे चौरस किलोमीटरला ३०० च्या वर माणसं राहतात अशा ठिकाणी. तिथल्या विष्ठेच्या तपासणीत त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि भटक्या प्राण्यांचा होता, त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. सरपंचाला सांगण्यासारखं ते हे: विहिरीतला हा बिबट्या काल आलेला नाही. तो तुमच्या गोठ्यामागून कित्येक रात्री गेलेला आहे आणि त्यानं कुणाला हात लावलेला नाही. हा नेला तर जो येईल त्याची खात्री मी देऊ शकत नाही. काही लोकांना हे पटतं. ज्याची शेळी गेल्या महिन्यात गेली त्याला पटत नाही, आणि त्याला नुकसानभरपाईचा चेक वेळेवर मिळालेला नसेल तर पटवायचा प्रयत्नही करू नये.

इथे एक गल्लत नेहमी होते. विहिरीत पडलेला बिबट्या आणि माणसावर हल्ला केलेला बिबट्या ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही दिवसांच्या अंतरानं तीन माणसं गेली, त्यात दोन लहान मुलं होती. तिथे ‘जवळ सोडा’ म्हणणं हा क्रूर विनोद झाला असता. त्या बिबट्याला गोळी घातली गेली आणि त्यावर मला आक्षेप नाही. पण अशा प्रत्येक घटनेनंतर जो सार्वत्रिक रेटा येतो, दिसेल तो पकडा आणि लांब न्या, तो २००१ चाच रेटा आहे. एका गुन्हेगारासाठी वीस पिंजरे लागतात आणि त्यात सापडतात ते बहुतेक इतरच. मग एकतर ते जन्मभर माणिकडोहसारख्या निवारा केंद्राच्या पिंजऱ्यांत राहतात, जिथे आधीच जागा पुरत नाही, नाहीतर रात्री गुपचूप कुठल्या तरी घाटात उतरवले जातात. गळ्यात कॉलर नसते. ते कुठे गेले, कुणाच्या अंगणात पोचले, हे नंतर कळतं किंवा कळतच नाही.

चिपचं काम

आजोबा मुंबईच्या बाजूला दोन वर्षांहून जास्त जगला. कॉलर तोवर बंद पडलेली होती. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईजवळच्या महामार्गावर एक बिबट्या वाहनाच्या धडकेत मेला. त्याच्या अंगावर स्कॅनर फिरवल्यावर चिपचा क्रमांक उमटला, आणि तो आजोबा निघाला. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप नसती तर पंचनाम्यात ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत एक नर बिबट्या मृत’ एवढीच नोंद झाली असती आणि सुटकेनंतरच्या अडीच वर्षांचा हिशेब कधीच लागला नसता.

चिप घालायला फारसा खर्च नाही, ती शेपटीच्या मुळाशी सुईनं जाते आणि जनावर तसंही बेशुद्ध असतंच. अडतं ते वाचण्यापाशी. रस्त्यावर मेलेला, तारेच्या फासात सापडलेला, दुसऱ्याच जिल्ह्याच्या पिंजऱ्यात शिरलेला बिबट्या स्कॅन झालाच पाहिजे, आणि त्याचा क्रमांक सोडणाऱ्या विभागाला कळला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयात एक चालू स्कॅनर लागतो आणि सगळ्यांची मिळून एक यादी लागते, ज्यात पकडल्याची जागा, सोडल्याची जागा, दातांची स्थिती आणि तारीख एवढे चार रकाने भरलेले असतील. सुटकेच्या दिवशीचे फोटो प्रत्येक कार्यालयाकडे असतात. हे चार रकाने किती जणांकडे आहेत, हे पुढच्या वेळी चौकट छापणाऱ्या वार्ताहरानं विचारून बघावं.